डॉप्लर परिणाम (ध्वनीचा)

ध्वनीचा उद्गम आणि श्रोता यांच्यातील अंतर गतीमुळे बदलत असताना श्रोत्याला जाणवणारी कंप्रता (वारंवारता) मूळ कंप्रतेहून वेगळी असते. या आविष्काराला डॉप्लर परिणाम म्हणतात. स्थानकात न थांबणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा सूर ती समोरून जाताना उतरतो, हा त्याचा सर्वपरिचित अनुभव. येथे मुख्यतः उद्गमाच्या गतीचाच विचार केला आहे.

उद्गम पुढे सरकत असल्याने प्रत्येक नवा तरंग आधीच्या तरंगापेक्षा थोड्या पुढच्या जागेवरून निघतो. त्यामुळे पुढील बाजूस तरंगलांबी आखडते, मागील बाजूस वाढते; हवेतील ध्वनीचा वेग मात्र बदलत नाही. मूळ कंप्रता क, ध्वनीचा वेग व आणि उद्गमाचा वेग ग मानल्यास, उद्गम थेट जवळ येताना क × व ÷ (व − ग) आणि दूर जाताना क × व ÷ (व + ग) अशी कंप्रता मिळते. ४०० हर्ट्‌झचा भोंगा ताशी ७२ किमी. वेगाने (सेकंदाला २० मी.) जात असेल आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मी. धरला, तर या कंप्रता ४२५ व सु. ३७८ हर्ट्‌झ येतात. त्यांचे गुणोत्तर नेमके ९ : ८, म्हणजे शुद्ध ऋषभावरून षड्जावर येण्याइतका उतार. भोंग्याचा मूळ सूर कोणताही असला तरी या वेगाला उतार एवढाच राहतो.

गाडी जवळ येत असताना सूर चढत जातो, असे पुष्कळदा लिहिले जाते; ते बरोबर नाही. वाढत जातो तो आवाजाचा मोठेपणा. सूर आधीपासूनच चढलेला असतो, आणि श्रोता रुळांपासून बाजूला उभा असल्याने तो उतरतच जातो : दूर असताना अगदी संथपणे, समोरून जाताना झपाट्याने. उद्गम स्थिर ठेवून श्रोताच त्याच वेगाने जवळ गेला, तर ४२५ ऐवजी सु. ४२३·५ हर्ट्‌झ येतात; कारण तेव्हा तरंगलांबी बदलत नाही.

ऑस्ट्रियन भौतिकीविज्ञ क्रिस्टियान डॉप्लर (१८०३–५३) यांनी २५ मे १८४२ रोजी प्राग येथे वाचलेला निबंध युग्मताऱ्यांच्या (एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांच्या) रंगांविषयी होता. छापील निबंधाचे वर्ष कोठे १८४२, कोठे १८४३ असे दिले जाते. त्यांचे नाव काही जुन्या ग्रंथांत योहान क्रिस्टियान असे आढळते. क्रिस्टियान आंद्रेआस हेच ग्राह्य दिसते. ध्वनीवरील पडताळा डच शास्त्रज्ञ बाइस बॅलॉट यांनी जून १८४५ मध्ये उत्रेख्त–मार्सेन लोहमार्गावर घेतला. फेब्रुवारीतील प्रयत्न बर्फामुळे सोडावा लागला होता. शिंगवादक गाडीत व तयार कानांचे संगीतज्ञ रुळांकाठी, आणि उलटही, अशी योजना होती. बाइस बॅलॉट यांना सिद्धांतच खोडायचा होता असे काही लेखक म्हणतात. परंतु त्यांचा आक्षेप ताऱ्यांच्या रंगांवरील उपयोजनाला होता, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

१८५२ मध्ये व्हिएन्ना येथे गणितज्ञ योझेफ पेट्झव्हाल यांनी सिद्धांतावर टीका केली. उद्गम व श्रोता दोन्ही स्थिर असताना नुसत्या वाऱ्याने सूर बदलत नाही, हा त्यांचा मुद्दा खरा होता. मात्र डॉप्लर यांची परिस्थिती वेगळी होती. १८६० मध्ये भौतिकीविज्ञ एर्न्‌स्ट माख यांनी गोल फिरणाऱ्या नळीच्या टोकाशी शिटी बसवून हा भेद प्रयोगशाळेत दाखविला. नळी ज्या अक्षाभोवती फिरते त्याच्या रेषेत उभे राहिल्यास सूर स्थिर राहतो, फिरण्याच्या प्रतलात उभे राहिल्यास तो खालीवर होतो.