कमर्शियल पायलट लायसन्स: पात्रता, कागदपत्रं आणि ते २०० तास

फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या. लाखो रुपये भरल्यावर रंगदृष्टीत दोष असल्याचं कळणं फार वाईट. डीजीसीएच्या (म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे आधी क्लास टू ही प्राथमिक तपासणी होते आणि त्यानंतर क्लास वन ही अधिक कडक तपासणी. चष्मा आहे म्हणून घाबरू नका. चष्म्यासह नजर ठरलेल्या निकषात बसली तर चालते.

सीपीएलसाठी, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. शिकाऊ वैमानिकाचं स्टुडंट पायलट लायसन्स मात्र १६ व्या वर्षी मिळतं. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. हे विषय नसतील तर एनआयओएस या मुक्त शिक्षण मंडळातून देता येतात.

त्यानंतर डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थी म्हणून नोंदणी क्रमांक, काढायचा, कारण त्याशिवाय लेखी परीक्षेला बसता येत नाही. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही एवढं तर लागतंच, शिवाय गुणपत्रिका खऱ्या असल्याचं बोर्डाचं पडताळणीपत्रही लागतं. अनेकांचं घोडं इथेच अडतं, म्हणून बोर्डाकडे अर्ज आधीच करून ठेवा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे ना, हेही आत्ताच पाहा.

एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल या पेपरांना ७० टक्के गुण लागतात. रेडिओ टेलिफोनीची, म्हणजे विमानातून रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची, परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ नंतर ती डीजीसीएकडे आली आहे.

उड्डाणाचे तास

नियमाप्रमाणे एकूण किमान २०० तास हवेत. त्यातले १०० तास पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमच्याकडे असताना. या भूमिकेत २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी उड्डाण, लागतं आणि त्यात किमान ३०० नॉटिकल मैलांचं एक उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे ५ तास, त्यात १० टेकऑफ आणि १० लँडिंग. इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे बाहेर न पाहता फक्त उपकरणांच्या आधारे, १० तास, त्यातले फार तर ५ सिम्युलेटरवर. अर्जाआधीच्या सहा महिन्यांत किमान १५ तास उड्डाण झालेलं असावं लागतं. बारामती, गोंदिया, धुळे किंवा शिरपूरला शिकणाऱ्यांनी पावसाळ्यात उड्डाणं मंदावतात हे धरूनच वेळेचं गणित मांडावं.

हे तास नुसते लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) भरण्यासाठी उडवू नका, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. एअरलाइनमध्ये गेल्यावर टेकऑफनंतर थोड्याच वेळात ऑटोपायलट लागतो आणि हाताने विमान उडवणं काही मिनिटांवर येतं. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानात वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बंद झाल्या, ऑटोपायलट सुटला आणि विमान स्टॉलमध्ये गेलं, म्हणजे पंखांना पुरेशी उचल मिळेनाशी झाली. साडेचार मिनिटांच्या आत ते अटलांटिकमध्ये कोसळलं. २२८ जण गेले. त्यानंतर जगभर स्टॉल ओळखणं, त्यातून विमान सावरणं आणि वेगाचं रीडिंग चुकीचं असताना उडवणं यांवर सिम्युलेटरमध्ये जास्त भर दिला जाऊ लागला. या सगळ्याचा पाया सेसनासारख्या छोट्या प्रशिक्षण विमानावर बसतो. म्हणून स्टॉल, क्रॉसविंड लँडिंग (आडव्या वाऱ्यात उतरणं) आणि इंजिन बंद झाल्याचा सराव इन्स्ट्रक्टरकडे मागून घ्या. प्रवेश घेतानाच विचारा: एका विद्यार्थ्याला आठवड्याला किती तास मिळतात, विमानं किती आणि त्यातली आज उडण्याच्या स्थितीत किती?

लायसन्सचा अर्ज

अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. प्रमाणित लॉगबुक, स्किल टेस्टचे अहवाल, निकालपत्रं, चालू क्लास वन मेडिकल आणि रेडिओचा परवाना जोडावा लागतो. लॉगबुकातली बेरीज अर्जातल्या आकड्यांशी जुळली नाही तर अर्ज परत येतो. परदेशातून लायसन्स आणलं असेल तर तिथल्या प्राधिकरणाकडून पडताळणी होते आणि इथले ठरावीक पेपरही द्यावे लागतात.

सीपीएल हातात आलं तरी एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग (त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण आणि परवानगी) वेगळं, आणि त्याचा खर्चही वेगळा. एअरलाइनमध्ये लागल्यावर ठरावीक मुदतीने सिम्युलेटरमध्ये प्रावीण्य तपासलं जातं. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या लायसन्सला वयाची २१ वर्षं आणि १५०० तास हवेत. तास आणि पेपरांचे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी डीजीसीएच्या संकेतस्थळावरचा नियम पाहूनच फॉर्म भरा.