मामांचं टेन्शन आणि त्यामागचा शंभर वर्षांचा अभ्यास

निफाडला माझ्या मामांची द्राक्षाची बाग आहे, अडीच एकर. फेब्रुवारी-मार्चमध्ये घड भरलेले असतात, व्यापारी बघून गेलेला असतो पण सौदा झालेला नसतो, आणि त्यात आभाळ आलं की मामा रात्री अडीच-तीनला उठून ओट्यावर येतात, मोबाईलवर पावसाचा अंदाज बघतात, आत जातात, परत येतात. शर्टाच्या खिशात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी कायम. गेल्या वर्षी चक्कर आली म्हणून नाशिकला आणलं तर बीपी निघाला, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण टेकायच्या आत म्हणायचा, "टेन्शन घेऊ नका." मला ते फार लागायचं. मग हे टेन्शन शरीरात नेमकं करतं काय आणि ते शोधलं कुणी, हे वाचत बसलो.

सुरुवात एका मांजरापासून होते. अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर कॅनन नावाचे शास्त्रज्ञ होते, एक्स-रे तेव्हा नवीनच आले होते आणि ते त्यातून मांजराचं पोट अन्न कसं घुसळतं ते बघत होते. मांजर घाबरलं की पोटाची हालचाल बंद, शांत झालं की परत सुरू. भीती पोटापर्यंत पोचते हे त्यांना डोळ्यांनी दिसलं. पुढे १९१५ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की संकट दिसलं की अ‍ॅड्रेनॅलिन नावाचं हार्मोन सुटतं, छाती धडधडते, रक्तात साखर वाढते, म्हणजे शरीर लढायला नाहीतर पळायला तयार होतं. बिबट्या समोर आला तर हे उपयोगाचंच आहे. पण गारपिटीशी लढणार कसं आणि बाग सोडून पळणार कुठं?

याच्या पुढचं काम हान्स सेल्ये या शास्त्रज्ञांचं, कॅनडात माँट्रियलला. ते उंदरांना ग्रंथींचा अर्क टोचून नवीन हार्मोन शोधत होते, आणि उंदरांमध्ये तीन बदल दिसले: मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या झालेल्या, प्रतिकारशक्तीची थायमस ग्रंथी आकसलेली, पोटात अल्सर. त्यांना वाटलं हार्मोन सापडलं. पण मग फॉर्मॅलिन हे विषारी रसायन टोचलं तरी तेच, थंडीत ठेवलं तरी तेच, दमेपर्यंत पळवलं तरी तेच! त्रास कुठलाही असो, शरीराचं उत्तर एकच, हे त्यांनी १९३६ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकातल्या छोट्याशा पत्रात लिहिलं. आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, आणि ताण संपलाच नाही तर शरीर थकून हात टेकतं. मामांचं मला यातलं मधलं वाटतं, वर्षानुवर्षं तग धरणं, बाहेरून माणूस धडधाकट दिसतो आणि आत बीपी चढत असतो.

सेल्येंची एक बाजू सांगायलाच हवी, सिगारेट कंपन्यांनी त्यांच्या संशोधनाला पैसे दिले होते हे नंतर कागदपत्रांतून बाहेर आलं. हृदयविकाराचं खापर तंबाखूऐवजी ताणावर फुटलं तर त्या कंपन्यांना बरंच होतं. आणि अल्सरचंही चित्र बदललं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बहुतेक अल्सरमागे एक जिवाणू असतो हे दाखवलं, त्यासाठी मार्शल स्वतः ते जिवाणू प्यायले, २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. म्हणून पोट सारखं दुखत असेल तर टेन्शनमुळे असेल म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते लंडनच्या सरकारी नोकरांवर झालेलं काम. १९६७ पासून साडेसतरा हजारांच्या आसपास पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी करून पुढे लक्ष ठेवलं गेलं. सगळ्यांना वाटायचं मोठ्या साहेबांना टेन्शन जास्त, हार्ट अटॅक त्यांनाच. निघालं उलटं, हुद्दा जितका खालचा तितके हृदयविकाराने मृत्यू जास्त, आणि सिगारेट, बीपी वगैरे हिशोबात धरूनही फरक पूर्ण जाईना. १९८५ ला सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात एक कारण पुढे आलं, आपल्या कामावर आपलाच ताबा नसणं. हे वाचलं आणि मला नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आठवड्याला शिफ्ट बदलणारी पोरं आठवली, मामाही आठवले. पाऊस हातात नाही, भाव हातात नाही, आणि लोक म्हणतात टेन्शन घेऊ नका.

ताण हाताळायचा कसा यावर रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ ला जे मांडलं ते मला पटतं. एक, अडचणीलाच हात घालायचा, दुसरं, अडचण हलत नसेल तर मनाला सांभाळायचं, आणि माणसाला दोन्ही लागतं. मन सांभाळायला आपल्या जिल्ह्यातच इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालू आहेत, पण ऐन हंगामात दहा दिवस बाग सोडून कोण जाणार. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर मी मामींच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला.

यंदा मामांनी एक एकरावर प्लास्टिकचं आच्छादन टाकलं, कर्ज झालं खरं, पण तेवढ्या घडांचे मणी पावसानं तडकणार नाहीत. उरलेली दीड एकर उघडीच आहे. बीपीची गोळी सकाळी चहाच्या आधी मामी हातावर ठेवतात, आणि आभाळ आलं की मामा आता एकटे ओट्यावर बसत नाहीत, शेजारच्या बागेवाल्या नानांना फोन लावतात, तेही जागेच असतात.