कायम कामगार घटले म्हणून कंत्राटी पक्के होत नाहीत

‘कायमवाले काढले, आता आपल्याला कोण हात लावणार?’ कारखान्याच्या गेटवरचा हा जुना समज खोटा आहे. कंत्राटी कामगाराचा मालक कागदोपत्री ठेकेदार. कंपनीला फक्त वर्क ऑर्डरमधली (ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या कागदातली) माणसं कमी करायची असतात. स्टील ऑथॉरिटी खटल्यात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप कंपनीत सामावले जात नाहीत. कायमवाल्यांच्या कपातीने तर नाहीच!

कामावरून कमी केलं तर हक्क आहे तो भरपाईचा, तोही ठेकेदाराकडे. बारा महिन्यांत २४० दिवस भरले असतील तर एक महिन्याची नोटीस (किंवा तेवढा पगार) आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. घोळ होतो तो ठेकेदार बदलताना: सेवा तुटलेली दाखवली जाते. म्हणून हजेरी कार्ड, पगार स्लिपा, पीएफ पासबुक जपून ठेवा.