संशोधन फक्त मोठ्या रुग्णालयातच होतं?

‘संशोधन करावं मोठ्या रुग्णालयांनी, फॅमिली डॉक्टरांनी फार तर पेशंट पुढे पाठवावेत.’ हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. अमेरिकेतले संशोधक डॉक्टर केर व्हाइट व सहकाऱ्यांनी १९६१ साली मांडलेला हिशोब पाहा: महिन्याभरात १,००० प्रौढांपैकी साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, २५० डॉक्टरांकडे जातात, ९ दाखल होतात आणि विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोचतो जेमतेम १. त्या एकावरून बाकीच्यांचं कसं ठरवणार?

ब्रिटनमध्ये १९६८ पासून सुमारे १,४०० जनरल प्रॅक्टिशनरांनी (जीपी, म्हणजे तिथले फॅमिली डॉक्टर) गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या २३,००० आणि न घेणाऱ्या तितक्याच स्त्रियांची नोंद केली. पुढे कित्येक दशकं पाठपुरावा चालला.

असं संशोधन आपल्याकडेही अनेक दवाखाने मिळून करू शकतात, पण दवाखाने नुसते जोडून भागत नाही. सर्वांत मोठा घोळ व्याख्येत होतो: एक डॉक्टर ताप हात लावून ठरवतो, दुसरा थर्मामीटरने. म्हणून एकच प्रश्न, एकच व्याख्या, एका पानाचा फॉर्म आणि दोन-तीन दवाखान्यांत पंधरवडाभर चाचणी. नीतिसमितीची, म्हणजे संशोधनात पेशंटचं हित जपलं जातं का हे पाहणाऱ्या समितीची, मंजुरी पहिल्या नोंदीच्या आधी.

ब्रिटनमध्ये जीपीकडे पेशंटांची नोंदणीकृत यादी असते. आपल्याकडे पेशंट आज इथे, उद्या तिथे. त्यामुळे ‘लोकसंख्येत किती’ असा दावा करू नये, ‘दर शंभर भेटींत किती’ एवढंच सांगावं. त्यासाठी रोजच्या सगळ्या भेटी मोजाव्या लागतात. एकही केस नसेल त्या दिवशी ‘०’ लिहा. कोऱ्या रकान्यावरून केस नव्हती की नोंद राहिली, हे कळत नाही. आणि दरमहा प्रत्येक डॉक्टरला त्याचे आकडे परत पाठवा, नाहीतर फॉर्म हळूहळू येईनासे होतात.