दिलेल्या ओळीपासून स्वतःच्या ओळीपर्यंत

मराठवाड्यातील महाविद्यालयांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आता कथा-कवितालेखनाच्या कार्यशाळा भरतात. एखादे वाक्य, छायाचित्र किंवा घरातली जुनी वस्तू समोर ठेवून थोड्या वेळात लिहायला सांगितले जाते आणि मग प्रत्येकाने लिहिलेले मोठ्याने वाचले जाते. ही पद्धत परक्या मुलखातून आली असे अनेकांना वाटते, आणि तिचे आजचे रूप तसे आहेही. परंतु कुणीतरी दिलेल्या ओळीवरून लिहू लागण्याची रीत या भूमीला मुळीच नवी नाही.

लेखन शिकवता येते का, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. अकराव्या शतकात संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यनिर्मितीचे कारण सांगताना शक्ती (म्हणजे प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही एकत्र धरली, आणि अभ्यास म्हणजे काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणुकीनुसार केलेला सराव असे स्पष्ट केले. प्रतिभा जन्मजातच असते, असे म्हणून हा प्रश्न मिटवणाऱ्यांना मम्मटाचे हे तिसरे अंग अडचणीचे वाटते. समस्यापूर्तीत श्लोकाचा एक चरण दिला जाई आणि उरलेले चरण कवीने रचायचे असत. उर्दूतील तरही मुशायऱ्यात एक मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, ठरवून दिला जाई आणि त्याच वृत्तात व यमकात प्रत्येकाने गझल लिहायची असे. अठराव्या शतकातील उर्दू कवी सिराज औरंगाबादींच्या गावाला, म्हणजे औरंगाबादला, ही शिस्त अपरिचित असण्याचे कारण नाही. आणि ज्यांना कुणी कवी म्हटले नाही त्या बायका जात्यावर बसून ‘पहिली माझी ओवी’ या ठरलेल्या सुरुवातीला आपापल्या माहेराचे, भावाचे, सासुरवासाचे शब्द जोडत होत्या. सुरुवात सगळ्यांची, पुढचे जिचे तिचे, हे तत्त्व मला कोणत्याही अभ्यासक्रमाइतकेच पक्के वाटते.

ही परंपरा असतानाही लिहू पाहणाऱ्या मराठवाड्यातील माणसाची वाट सोपी नव्हती. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, त्यामुळे मराठी मुलाला आपल्या भाषेत उच्च शिक्षण घेण्याची सोय नव्हती. मराठी वाचन-लेखनाचा भार खाजगी राष्ट्रीय शाळांनी आणि वाचनालयांनी वाहिला. पुढे मराठवाडा साहित्य परिषद आणि तिचे ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक यांनी लिहिणाऱ्यांना हक्काची जागा दिली, आणि 1958 मध्ये औरंगाबादेत विद्यापीठ आले.

तरीही या साऱ्या इतिहासात माझ्या मते सर्वांत मोठी कार्यशाळा औरंगाबादेतील नागसेनवन या शैक्षणिक परिसरात भरली, जरी तिला तसे नाव कधी मिळाले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयात, म्हणजे पुढच्या मिलिंद महाविद्यालयात, घरात अक्षराचा वारसा नसलेली मुले शिकू लागली. साठच्या दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक निघू लागले, आणि त्यातून दलित लेखकांची एक पिढी छापील मजकुरात उभी राहिली. अस्मितादर्शच्या लेखक-वाचक मेळाव्यांनी नवख्या लेखकाला आपला ऐकणारा समोर दाखवला. ‘तू जे जगलास तेच लिही, आणि तुझ्याच भाषेत लिही’ ही सूचना देणारा कुणी असणे किती मोलाचे असते, हे ज्यांना ती कधी मिळाली नाही त्यांनाच नीट कळेल.

विद्यापीठीय चौकटीत लेखन शिकवण्याचा ज्ञात नमुना अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचा. तेथे 1936 मध्ये लेखनाची कार्यशाळा रीतसर सुरू झाली आणि 1967 मध्ये जगभरच्या लेखकांसाठी वेगळा उपक्रम उभा राहिला. मराठी कवी दिलीप चित्रे त्या उपक्रमात सहभागी झाले होते. पॅरिसमध्ये 1960 साली स्थापन झालेल्या ‘ऊलिपो’ या गटाने स्वतःवर कडक बंधने घालून लिहिण्याचे प्रयोग केले. महाराष्ट्रात साहित्य संस्कृती मंडळाने नवलेखकांसाठी अनुदान आणि कार्यशाळा या दोन्ही वाटा खुल्या केल्या.

आता अडचण आहे ती सूचनांच्या निवडीची. ‘तुमचा पहिला प्रवास’ हा विषय बीड जिल्ह्यातील एखाद्या वर्गात दिला, तर तेथील काही मुलांसाठी तो प्रवास आईवडिलांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतल्यानंतरचा, ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरमधला असतो, आणि त्यात सहलीचा आनंद शोधणाऱ्या मार्गदर्शकाला ते लेखन विषयाबाहेरचे वाटू शकते. दुसरी अडचण बोलीची. घरात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे ज्याला ठाऊक आहे त्याने तो शब्द खोडून ‘मजूर दांपत्य’ लिहावे, अशी दुरुस्ती वहीवर लाल शाईने आजही होते. ‘दुष्काळ’ हा शब्द न वापरता दुष्काळ लिहा, एवढी एकच अट घातली तर मुले टँकरच्या रांगेतल्या घागरी, दावणीला उरलेला दोर आणि कोरड्या आडात टाकलेल्या खड्याचा आवाज लिहू लागतात, आणि त्या अर्ध्या तासात कुणी ‘सर, शुद्धलेखन तपासणार का’ असे विचारत नाही.