पाच होनांच्या कोर्टापासून लघुवाद न्यायालयापर्यंत

मुंबईत धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयात, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांसाठी काढलेल्या कोर्टात, सकाळी गेलात तर दिसतं ते असं: भिंतीवर दिवसाचा बोर्ड लागलेला, त्यावर आपला नंबर शोधणारी बोटं, आणि दारातून पट्टेवाल्याने दिलेला पुकारा. कागद मात्र हातउसन्या पैशांचे फारसे नसतात. पागडीची खोली, पोटभाडेकरू, मोडकळीला आलेली चाळ, असलेच दावे जास्त. पाटीवर ‘लघुवाद’ आणि आत कोट्यवधींच्या जागेची भांडणं, हे कसं झालं त्याची गोष्ट पावणेतीनशे वर्षं मागे जाते.

1753 च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तिन्ही ठाण्यांवर ‘कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्‌स’ आलं. तिथे चालणाऱ्या दाव्याच्या रकमेची मर्यादा पाच पॅगोडा. पॅगोडा म्हणजे आपल्याकडचा होन, साधारण साडेतीन रुपयांचा. कंपनीचेच नोकर कमिशनर म्हणून दर गुरुवारी बसत आणि किरकोळ देण्याघेण्याचे वाद निकालात काढत. मेयरच्या कोर्टात, म्हणजे शहराच्या मोठ्या दिवाणी कोर्टात, जायचं तर खर्च दाव्याहून मोठा व्हायचा, म्हणून ही सोय. पुढे मर्यादा वाढत गेली. इंग्लंडात 1846 साली छोट्या दाव्यांसाठी काउंटी कोर्टं निघाली आणि त्याच धर्तीवर 1850 च्या कायद्याने या तीन शहरांत जुनी कोर्टं मोडून स्मॉल कॉज कोर्टं, म्हणजेच लघुवाद न्यायालयं, उभी राहिली. मर्यादा 500 रुपये. याच शहरांसाठीच्या 1882 च्या प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कायद्यात ती 2,000 झाली. मुंबईचं न्यायालय आजही याच कायद्याखाली चालतं.

मुंबईबाहेर मात्र ही सोय दोन्ही बाजूंना सारखी पडली नाही, असं माझं मत आहे. 1860 आणि 1865 च्या कायद्यांनी जिल्ह्यांतही स्मॉल कॉज कोर्टं आली. सगळा भर झटपट निकालावर. पुरावा थोडक्यात नोंदवायचा, अपील जवळपास नाहीच. आता असा वेग ज्याच्याकडे कागद आहे त्यालाच मानवतो. दख्खनच्या खेड्यात कागद होता सावकाराकडे. त्यात 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावर, म्हणजे कर्जाच्या लेखी कागदावर, दावा लावायला तीनच वर्षं दिली. हेतू ऋणकोच्या भल्याचा. घडलं ते उलटं: दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई आणि कुणबी खाली अंगठा उठवी. समन्स निघे, शेतकरी हजर होत नसे, एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, होई, मग वसुलीसाठी दरखास्त आणि जप्ती. एकतर्फी हुकूमनाम्यांचं हे प्रमाण पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाच्याही नजरेत भरलं.

12 मे 1875 ला भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. तिथून पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत लोकांना हवे होते ते रोखे आणि खातेवह्या. त्या हाती पडल्या की होळी.

त्यातून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा निघाला. कोर्टाने रोख्यावरचा आकडा तसाच न धरता व्यवहार मुळापासून तपासायचा, कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकायचं नाही, दावा लावण्याआधी समेट घडवणाऱ्याकडे जाऊन त्याचा दाखला आणायचा, आणि दहा रुपयांपर्यंतचे दावे गावातल्या मुनसफाने, म्हणजे गावपातळीवरच्या न्यायाधीशाने, ऐकायचे. थोडक्यात, वेगाला घातलेला लगाम. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1884 मध्ये पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले आणि 1887 पासून याच शेतकरी कायद्याखालचे विशेष न्यायाधीश. झटपट कोर्ट आणि त्याच्या दुखण्यावरचा उपाय, दोन्ही बाजू एकाच माणसाने खुर्चीत बसून पाहिल्या. त्याच 1887 साली बाकी प्रांतांसाठी नवा स्मॉल कॉज कायदा आला. त्यातली एक अट प्रतिवादीला जड जाते: एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायचा तर आधी ती रक्कम भरा किंवा तारण द्या.

मुंबईचं वळण 1947 च्या भाडे कायद्याने लागलं. मालक-भाडेकरूंचे वाद, रक्कम कितीही असो, शहरात लघुवाद न्यायालयातच चालायचे असं ठरलं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने तेच कायम ठेवलं. तिकडे साध्या पैशांच्या दाव्याची मर्यादा 10,000 रुपयांवर येऊन थांबली. दहा हजारांत आज मुंबईत एका खोलीचं महिन्याचं भाडंही निघत नाही, त्यामुळे ‘लघु’ दावा या दारातून जवळपास बाहेरच पडला.

तो गेला कुठे? विकत घेतलेली वस्तू किंवा सेवा खोटी निघाली तर ग्राहक आयोगाकडे. ही वाट 1986 च्या कायद्याने उघडली. आताच्या 2019 च्या कायद्याखाली मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात लावता येते. मुदत दोन वर्षांची. तडजोडीला तयार असलेल्यांसाठी लोकअदालत आहे. तिच्या निवाड्यावर अपील नाही आणि चालू दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

मित्राला दिलेले हातउसने पैसे यात कुठेच बसत नाहीत. त्यासाठी दिवाणी दावाच लावावा लागतो. परतफेडीची तारीख ठरली नसेल तर मुदत पैसे दिल्या दिवसापासून धरतात, आणि ती अजूनही तीनच वर्षांची आहे. तिसरं वर्ष सरत आलं की कोपऱ्यावरचा वकील आजही तेच सुचवतो: समोरच्याकडून मुदतीच्या आत सहीनिशी कर्जाची लेखी कबुली घ्या, म्हणजे तीन वर्षं नव्याने मोजता येतील.