हिरडीतून रक्त येतंय: नुसती सूज की पायोरिया?

ब्रश करून थुंकलं आणि रक्त दिसलं की बरेच जण घाबरून म्हणतात पायोरिया झाला वाटतं, आणि ज्यांना खरंच पायोरिया झालेला असतो त्यातले कितीतरी जण "हिरड्या जरा सुजल्यात, होईल बरं" म्हणत वर्षं काढतात. मला हे दुसरं फार लागतं, कारण आमच्या घरात तेच झालं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

डॉक्टर नुसत्या सुजेला जिन्जिव्हायटिस म्हणतात आणि ज्याला आपण पायोरिया म्हणतो त्याला पेरिओडॉन्टायटिस. फरक काय, तर दाताला धरून ठेवणारं हाड गेलंय का नाही. जिन्जिव्हायटिसमध्ये दाताच्या कडेला प्लाकचा चिकट थर साचतो, त्यातल्या जंतूंशी लढायला शरीर तिकडे रक्तपुरवठा वाढवतं, हिरडी लाल होते, फुगते, आतलं अस्तर नाजूक होतं आणि ब्रश नुसता लागला तरी रक्त येतं. पण हाड जागेवर, दात आणि हाडामधले धागे जागेवर. थर काढला की सगळं पूर्ववत, खूणसुद्धा राहत नाही.

हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही, करून बघितलेलं आहे. १९६५ साली दंतसंशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये १२ निरोगी लोकांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं, १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि परत घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. इतका साधा प्रयोग, पण प्लाकमुळेच हे होतं हे त्यातून पक्कं झालं.

पायोरियात गोष्ट हिरडीच्या खाली गेलेली असते. दात आणि हिरडीमधली फट खोल होते, तिला पॉकेट म्हणतात, त्यात ब्रश पोचतच नाही, आत प्लाक वाढतो, त्याचं कीट होऊन मुळावर दगडासारखं बसतं. आणि हाड जंतू खातात असं आपल्याला वाटतं पण तसं नाहीये, सूज वर्षानुवर्षं चालू राहिली की आपल्याच शरीरातल्या हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि हाड खाली खाली सरकतं. गेलेलं हाड नुसत्या साफसफाईने परत येत नाही. काही ठराविक आकाराच्या खड्ड्यांत सर्जरी करून थोडं भरून आणता येतं, पण ते सगळ्यांनाच जमतं असं नाही. म्हणजे इथे उपचार करायचे ते आहे ते टिकवायला, आणि ते खरंच टिकतं, फक्त दर तीन-चार महिन्यांनी दाखवत राहावं लागतं.

मग नुसत्या सुजेचा पायोरिया होतोच का? नाही, आणि घोळ इथेच होतो. श्रीलंकेतल्या चहामळ्यातल्या ४८० कामगारांना लो यांच्याच टीमने १९७० पासून १५ वर्षं तपासलं. टूथब्रश माहीत नाही, दातांचे उपचार नाहीत, सगळ्यांच्या तोंडात प्लाक आणि कीट भरपूर. तरी साधारण ८ टक्के लोकांचं नुकसान झपाट्याने झालं, ८१ टक्क्यांचं मध्यम वेगाने, आणि ११ टक्क्यांचा आजार जिन्जिव्हायटिसच्या पुढे गेलाच नाही. एवढी सारखी परिस्थिती असून! म्हणजे घाणीशिवाय पायोरिया सुरू होत नाही, पण तो किती पळणार हे प्रत्येकाच्या शरीरावर, सिगरेट-तंबाखूवर आणि शुगरवर ठरतं. शुगरचं तर दोन्हीकडून आहे, कंट्रोलमध्ये नसेल तर हाड लवकर जातं, आणि हिरड्यांचे उपचार केले तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, थोडा खाली येतो असंही अभ्यासांत दिसलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रक्त किती येतं यावरून दोन्हीतला फरक कळत नाही. साध्या सुजेत भरपूर रक्त येऊ शकतं आणि सिगरेट ओढणाऱ्याच्या तोंडात पायोरिया असूनही रक्त कमीच येतं, कारण धूम्रपानाने हिरडीतून रक्त येण्याचं प्रमाणच दबतं. माझे वडील सिगरेट ओढायचे, रक्त कधी नाही, दुखणं नाही, आम्हाला वाटायचं दात एकदम मजबूत, आणि मग खालचे पुढचे दात हलायला लागले तेव्हा एक्सरेत अर्धं हाड गेलेलं होतं. पायोरिया बराच काळ दुखत नाही हो. दातांत नव्या फटी पडणं, दात लांब दिसणं, तोंडाचा वास न जाणं, एवढ्यावरूनच शंका घ्यायची.

खात्री होते ती प्रोबने. बारीक खुणा असलेली बोथट सळई असते, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालून खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ आणि पुढे लक्ष द्यायचं. पण हिरडी सुजून वर आली असेल तरी आकडा मोठा येतो, म्हणून हिरडीच्या कडेवरून नाही तर मूळ जिथे सुरू होतं तिथून धाग्यांची पकड किती सुटलीय ते बघतात, आणि सोबत एक्सरे.

दोन चुका सगळीकडे दिसतात. रक्त येतं म्हणून तिथला ब्रश बंद करणं, ज्याने सूज वाढतेच. आणि "स्केलिंग (डॉक्टरांकडून कीट काढून घेणं) केल्यावर दात हलायला लागले" ही तक्रार, खरं तर हाड आधीच गेलेलं असतं, कीटाच्या थराने दात एकमेकांना जखडलेले असतात, तो काढला की हलणं जाणवतं.

इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेलं टायटॅनियमचं कृत्रिम मूळ, असेल त्यांनाही हेच लागू. टायटॅनियम थेट हाडाला चिकटतं, मध्ये धागे नसतात, तिथे नुसती सूज असेल तर बहुतेक वेळा आवरता येते पण हाड जायला लागलं तर आवरणं अवघड जातं आणि हाड बरंच जाईपर्यंत इम्प्लांट हलतही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की "हिरड्या ठीक आहेत ना" एवढंच विचारू नका, कुठल्या दाताला किती मिलिमीटर ते विचारा आणि तो कागद जपून ठेवा, सहा महिन्यांनी तुलना करायला तोच लागणार आहे.